ही केबल नेमकं काय नेते? मॉड्युलर सिंथच्या पॅचिंगवर तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक सगळे ॲनालॉग मॉड्युलर सिंथच्या (सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, केबलने जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) पॅचिंगवरचे आहेत, म्हणजे कुठली केबल कुठून काढायची आणि कुठे खुपसायची यावरचे. माझा हा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीयेत, चालवून घ्या. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : माझ्याकडे एक ऑसिलेटर, एक फिल्टर, एक व्हीसीए, एक एन्व्हलप आणि छोटा कीबोर्ड आहे. ऑसिलेटर सरळ आउटपुटला लावला की भोंग्यासारखा वाजतच राहतो. व्हीसीएमधून नेला तर एकदम शांत. कीबोर्डची केबल ऑसिलेटरला लावलीये आणि सूर बदलतोय पण की सोडल्यावर आवाज थांबवायचा कसा?

तुमची एक केबल राहिलीये, खरं तर दोन. बाकी सगळं बरोबर आहे. नवीन वाचकांसाठी एवढंच, ऑसिलेटर सूर तयार करतो, फिल्टर त्यातला काही भाग कापतो आणि व्हीसीए म्हणजे व्होल्टेजने चालणारा ॲम्प्लिफायर.

साध्या कीबोर्डवर आपण की दाबतो तेव्हा आत एकाच वेळी दोन गोष्टी होतात. कुठली की दाबली हे एक, आणि की आत्ता दाबलेली आहे की सोडली हे दुसरं. मॉड्युलरमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या जॅकमधून बाहेर येतात. पहिलीला पिच सीव्ही म्हणतात (सीव्ही म्हणजे कंट्रोल व्होल्टेज, हुकूम देणारं व्होल्टेज) आणि दुसरीला गेट. तुम्ही पिचची केबल लावलीत म्हणून सूर बदलतो, पण गेट अजून कुठेच गेलेला नाही, त्यामुळे की सोडलीये हे पुढच्या कुणालाच कळत नाहीये. ऑसिलेटर तर काय, वीज आहे तोवर चालूच असतो, त्याला थांबणं माहीतच नसतं. थांबवायचं काम व्हीसीएचं.

व्हीसीए म्हणजे नळ समजा. ऑसिलेटरचं पाणी मागे सतत तयार असतं, नळ किती उघडायचा ते त्याच्या सीव्ही इनपुटवर येणारं व्होल्टेज ठरवतं. तिथे शून्य व्होल्ट असेल तर नळ बंद, म्हणून तुमचं सगळं शांत. आता एक प्रयोग करा, एन्व्हलप बाजूला ठेवा आणि कीबोर्डचा गेट सरळ व्हीसीएच्या सीव्हीला लावा. गेट म्हणजे की दाबली की ५ व्होल्ट किंवा थोडं जास्त, सोडली की शून्य, मधलं काही नाही. आवाज खटकन चालू होईल आणि खटकन बंद, दोन्ही टोकांना बारीकशी टिक पण ऐकू येईल. मग गेट काढून एन्व्हलपच्या गेट इनपुटला द्या आणि एन्व्हलपचं आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला. तोच नळ आता हळूहळू उघडतो, थोडा मिटतो, की धरलीये तोवर तिथेच राहतो आणि सोडल्यावर पूर्ण मिटतो. ॲटॅक, डिके, सस्टेन, रिलीज ही चार नावं याच चार टप्प्यांची. हा प्रयोग मी प्रत्येक नवशिक्याला करायला लावतो कारण एन्व्हलपमधून आवाज जात नाही, तो फक्त नळ फिरवणारा हात आहे, हे वाचून डोक्यात शिरत नाही, ऐकून एका मिनिटात शिरतं.

तर तुमचा पूर्ण पॅच असा. आवाजाची वाट : ऑसिलेटर, मग फिल्टर, मग व्हीसीए, मग आउटपुट. हुकमाची वाट : पिच सीव्ही ऑसिलेटरच्या व्होल्ट पर ऑक्टेव्ह जॅकला (सूर ठरवणारा जॅक), गेट एन्व्हलपला, एन्व्हलप व्हीसीएला. एवढं करूनही शांतच असेल तर फिल्टरचा कटऑफ नॉब (कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचं कापायचं ते ठरवणारा) बघा, तो पूर्ण डावीकडे असला तर सगळा आवाज तिथेच अडतो. आणि शोधताना नेहमी शेवटाकडून मागे या, म्हणजे आउटपुटची केबल काढून आधी व्हीसीएच्या मागच्या मॉड्यूलला, मग त्याच्या मागच्याला लावून बघा, जिथे आवाज सापडेल त्याच्या पुढचंच मॉड्यूल गुन्हेगार.

प्रश्न : आवाजासाठी वेगळी केबल आणि सीव्हीसाठी वेगळी केबल लागते का? रंगांना काही अर्थ असतो का?

युरोरॅकमध्ये (आज सगळ्यात जास्त चालणारा मॉड्युलरचा साचा) दोन्हीला एकच, ३.५ मिमीची मोनो केबल. रंगांना अर्थ तुम्ही द्याल तेवढाच. मी पिचला एक रंग, गेटला एक रंग आणि बाकी सगळ्याला मिळेल तो असं करतो, रात्री उशिरा पॅच सोडवताना बरं पडतं.

पण तुमच्या प्रश्नात एक मोठी गोष्ट दडलीये. आतून बघितलं तर आवाज आणि हुकूम अशा दोन जाती नसतातच. केबलमधून जातं ते बदलतं व्होल्टेज, बस्स. ते सेकंदाला ४४० वेळा वरखाली झालं आणि स्पीकरपर्यंत पोचलं तर आपण त्याला सूर म्हणतो, तेच दोन सेकंदांतून एकदा वरखाली होत फिल्टरच्या सीव्हीला गेलं तर आपण त्याला मॉड्युलेशन म्हणतो. वेग वेगळा आणि मुक्काम वेगळा, जिन्नस तोच. १९६४ मध्ये रॉबर्ट मूगनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर बसून जे पहिले मॉड्यूल केले त्यांचा गाभा हाच होता की नॉब हाताने फिरवायच्या ऐवजी व्होल्टेजने फिरवायचा, आणि ते व्होल्टेज दुसऱ्या कुठल्याही मॉड्यूलमधून येऊ शकतं.

त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोकडे डॉन बुकला मात्र दोन्ही वेगळं ठेवत होते. त्यांच्या सिस्टिममध्ये आवाजाला छोटे जॅक आणि सीव्हीला बनाना जॅक, म्हणजे चुकून इकडचं तिकडे जातच नाही. पुढे सर्ज चेरेपनिन यांनी सत्तरच्या दशकात सगळीकडे बनानाच वापरला आणि मुभा दिली की काहीही कशालाही लावा. मला सर्जचा रस्ता आवडतो. फक्त बनाना वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्या केबलमध्ये एकच तार असते, ग्राउंड नसतं. दोन वेगळ्या केस एकमेकींना जोडायच्या तर ग्राउंडची एक वेगळी तार दोघींमध्ये टाकावी लागते, नाहीतर व्होल्टेज मोजायचं कशाच्या तुलनेत हेच ठरत नाही. ३.५ मिमीच्या केबलमध्ये बाहेरची नळी ग्राउंडच असते म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

प्रश्न : एकाच कीबोर्डचा पिच मल्टिपलमधून तीन ऑसिलेटरना दिलाय. खालच्या सुरांना तिघं छान जुळवले, पण वर गेलं की सगळे उतरतात. तिन्ही ऑसिलेटर खराब असतील का?

नाही हो, ऑसिलेटर बहुतेक ठणठणीत आहेत. हा प्रश्न चार जणांनी विचारलाय म्हणून सगळं गणितच मांडतो.

व्होल्ट पर ऑक्टेव्ह याचा अर्थ व्होल्टेज १ व्होल्टने वाढलं की सूर एक सप्तक वर, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट. सप्तकात बारा स्वर, म्हणजे एका स्वराला १ भागिले १२, साधारण ८३ मिलिव्होल्ट. एका स्वराचे शंभर सेंट धरले तर एक सेंट म्हणजे एक मिलिव्होल्टहूनही कमी. कान पाचदहा सेंटचा फरक सहज पकडतो. म्हणजे पिचच्या केबलमध्ये पाच मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले तरी कळतं, तेच फिल्टरच्या सीव्हीमध्ये तेवढे इकडेतिकडे झाले तर कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून पिचची केबल ही सगळ्यात नाजूक केबल.

आता मल्टिपल. साधा पॅसिव्ह मल्टिपल म्हणजे चार जॅक एकमेकांना तारेने जोडलेले, आत दुसरं काही नसतं. बऱ्याच मॉड्यूलच्या आउटपुटला साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि बऱ्याच इनपुटला साधारण १०० किलोओहम. एकच ऑसिलेटर लावला तर ३ व्होल्टमधले जवळपास ३० मिलिव्होल्ट त्या १ किलोओहमवरच पडतात, म्हणजे ३६ सेंट गेले. ऑसिलेटर एकटा असताना हे आपल्याला दिसत नाही कारण आपण तो तसाच जुळवून घेतो. दोन लावले की दोन इनपुट समांतर येऊन ५० किलोओहम होतात आणि पडझड ५९ मिलिव्होल्टवर जाते. तीन लावले की ८७, म्हणजे एक पूर्ण स्वर गेला आणि वर थोडं! शिवाय ही पडझड टक्क्यात आहे. खालच्या सुराला व्होल्टेजच कमी म्हणून पडझड कमी, वरच्या सुराला जास्त. म्हणूनच खाली जुळतं आणि वर उतरत जातं, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच.

उपाय बफर्ड मल्टिपल. त्यात प्रत्येक आउटपुटला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, जेवढं व्होल्टेज आत आलं तेवढंच बाहेर देतो आणि मागच्यावर भार टाकत नाही. काही चांगल्या कीबोर्ड आणि सीक्वेन्सरच्या पिच आउटपुटमध्ये तो रेझिस्टर फीडबॅकच्या आत घेतलेला असतो, म्हणजे झालेली पडझड आउटपुट स्वतःच भरून काढतं, तिथे पॅसिव्ह मल्टिपलही चालून जातो. त्यामुळे नवीन घ्यायच्या आधी एकदा तपासून बघा. एकच ऑसिलेटर लावून तीन सप्तकं वर जा आणि ट्यूनरवर सेंट लिहून ठेवा, मग दुसरे दोन नुसते जोडा आणि पहिल्याचा आकडा हलतो का बघा. हलला तर बफर हवा. गेट, एलएफओ (अगदी हळू चालणारा ऑसिलेटर), एन्व्हलप यांना मात्र पॅसिव्ह मल्टिपल बिनधास्त वापरा.

प्रश्न : चुकीची केबल चुकीच्या जॅकला लावली तर काही जळेल का? या भीतीने मी मॅन्युअलमधले पॅच सोडून काही करतच नाही.

ही भीती आजच सोडून द्या. युरोरॅकमध्ये आतला पुरवठाच उणे १२ ते अधिक १२ व्होल्टचा, समोरच्या जॅकवर येणारं त्याच्याही आतलं असतं आणि इनपुट ते सोसतील असेच केलेले असतात. वीज चालू असताना केबल काढाघाला, आउटपुट कुठल्याही इनपुटला लावा, इनपुट इनपुटला लावा, काही होत नाही.

दोन आउटपुट एकमेकांना लावू नका एवढंच, आणि पॅसिव्ह मल्टिपलमध्ये दोन आउटपुट घातले की तेच होतं. एक म्हणतो ५ व्होल्ट, दुसरा म्हणतो शून्य, दोघं एकमेकांना ओढत बसतात. बहुतेक वेळा त्या १ किलोओहमच्या रेझिस्टरमुळे नुकसान होत नाही पण मिळतं ते दोघांच्या मधलं काहीतरी. दोन सिग्नल एकत्र करायचे तर मिक्सर वापरा, फक्त एकाचे अनेक करायला मल्टिपल.

खरा धोका मागच्या बाजूला आहे. मॉड्यूलला वीज देणारी जी रिबन केबल असते तिच्यावर एका कडेला लाल रेघ असते, ती उणे १२ व्होल्टची बाजू. ती उलटी लागली तर उणे आणि अधिक १२ ची अदलाबदल होते आणि संरक्षण नसलेलं मॉड्यूल जळू शकतं. माझं एक फिल्टर असंच गेलं, घाईत, रात्री, कमी उजेडात, आणि त्याचा आवाज मला अजून आठवतो इतकं ते छान होतं. वीज बंद करा, भिंतीतला प्लगही काढा, लाल रेघ बोर्डावरच्या खुणेशी दोनदा ताडून बघा, मगच चालू करा.

आणि कान. मॉड्यूलच्या जॅकला हेडफोन सरळ लावू नका. युरोरॅकचा आवाज उणे ५ ते अधिक ५ व्होल्टचा असतो, घरगुती उपकरणांच्या लाइन लेव्हलच्या जवळपास अकरा पट. मध्ये आउटपुट मॉड्यूल घाला जे व्होल्टेज खाली आणतं.

प्रश्न : एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला लावला की आवाज प्रत्येक वेळी 'व्याऊं' करून टोकाला जातो. ऐकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कसं हळुवार असतं. माझं फिल्टर स्वस्तातलं आहे म्हणून का?

फिल्टरला दोष देऊ नका. तुमचा एन्व्हलप शून्य ते ८ व्होल्टपर्यंत जात असेल आणि फिल्टरचं सीव्ही इनपुट जर १ व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने चालत असेल तर प्रत्येक की दाबल्यावर कटऑफ आठ सप्तकं वर जातोय. ऐकायची हद्दच साधारण दहा सप्तकांची आहे! हळुवार हवं तर दीड सप्तक पुरे, म्हणजे दीड व्होल्ट. तर ८ चे दीड करायचे, आणि ते करतो अटेन्युएटर. एक नॉब, आत येणाऱ्याचा काही हिस्साच पुढे सोडतो. कितीतरी फिल्टरवर सीव्ही जॅकच्या शेजारीच हा नॉब असतो आणि लोक तो उजवीकडे पूर्ण फिरवून ठेवतात, कारण केबल लावलीये तर परिणाम दिसला पाहिजे असं वाटतं.

माझं ठाम मत सांगतो, पॅचिंगचं निम्मं कौशल्य अटेन्युएटरमध्ये आहे. कुठून कुठे हे पुस्तकात मिळतं, किती हे कानानेच ठरवावं लागतं. मी नवीन केबल लावताना आधी अटेन्युएटर शून्यावर ठेवतो, केबल लावतो, मग इतका हळू उघडतो की फरक जेमतेम जाणवेल, आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. असे जेमतेम जाणवणारे चारपाच मॉड्युलेशन एकावेळी चालू असले की आवाज श्वास घेतल्यासारखा वाटतो, तुम्हाला रेकॉर्डिंगमध्ये जे आवडलं ते बहुधा हेच.

त्याचा मोठा भाऊ म्हणजे अटेन्युव्हर्टर. त्याचा नॉब मधोमध असला की शून्य, उजवीकडे नेला की सिग्नल सरळ, डावीकडे नेला की उलटा. एकच एन्व्हलप मल्टिपल करून एक फांदी व्हीसीएला द्या आणि दुसरी अटेन्युव्हर्टरमधून उलटी करून फिल्टरला, आवाज मोठा होत जाताना गडद होत जाईल. खऱ्या वाद्यांत सहसा याच्या उलट घडतं, जोरात वाजवलं की आवाज उजळतो, त्यामुळे कान लगेच टवकारतात.

अजून एक जोडणी करून बघा. एलएफओला व्हीसीएच्या सिग्नल इनपुटला घाला आणि व्हीसीएच्या सीव्हीला हळू चढणारा एन्व्हलप द्या, मग व्हीसीएचं आउटपुट ऑसिलेटरच्या एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे सूर हलवणाऱ्या) इनपुटला. स्वर लागतो तेव्हा सरळ, नंतर हळूच व्हायब्रॅटो येतो, गाणारा माणूस लांब स्वरावर आणतो तसा. व्हीसीए फक्त आवाजासाठी असतो हा समज इथे गळून पडतो, तो व्होल्टेजने फिरणारा अटेन्युएटर आहे. फक्त व्हीसीए डीसी कपल्ड हवा, एसी कपल्डमध्ये कपॅसिटर हळू बदलणारं व्होल्टेज अडवतो आणि पलीकडे जवळपास काहीच जात नाही.

प्रश्न : काही सिंथ केबल न लावता पण वाजतात, तरी त्यांना जॅक असतात. हे कसं?

त्याला नॉर्मलिंग म्हणतात. जॅकच्या आत एक छोटा स्विच असतो. केबल नसेल तर आतली ठरलेली जोडणी चालू, केबल घातली की प्लग तो स्विच ढकलतो आणि आतली जोडणी तुटून तुमच्या केबलमधलं व्होल्टेज आत येतं. १९७१ चा आर्प २६०० याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. शिकायला असा सेमी-मॉड्युलर फार छान, कारण आधीच वाजतंय त्यात एकेक केबल घालून काय बिघडलं काय सुधारलं ते ऐकता येतं.

एक छोटा फायदा, नको असलेली आतली जोडणी तोडायची असेल तर त्या जॅकला दुसरं टोक मोकळं असलेली केबल घातली तरी काम होतं.

प्रश्न : एलएफओने ऑसिलेटरला व्हायब्रॅटो दिला. गंमत म्हणून एलएफओचा वेग वाढवत नेला तर एका जागी व्हायब्रॅटो गेला आणि घंटेसारखा, धातूसारखा आवाज यायला लागला, शिवाय सूरही वर सरकला. काय झालं नेमकं?

तुम्ही स्वतःहून एफएम शोधून काढलंत, मनापासून अभिनंदन!

सेकंदाला साधारण वीस वेळांच्या पुढे गेलं की कान वरखाली होणं वेगळं मोजू शकत नाही. त्या हलण्याचेच नवे सूर ऐकू येतात. ऑसिलेटर ४०० हर्ट्झचा आणि हलवणारा १५० चा असेल तर दोन्ही बाजूंना १५० च्या अंतराने सूर उगवतात, ५५० आणि २५०, मग ७०० आणि १००, असे पुढे. यांचं ४०० शी सरळ गुणोत्तर नाही, म्हणून घंटा, म्हणून धातू. हलवणारा २०० ला आणला तर ६००, २००, ८०० असे येतात, सगळे २०० च्या पाढ्यातले, आणि तोच आवाज एकदम गोळीबंद, सुरेल होतो. किती बाजूचे सूर आणि किती जोरात हे मॉड्युलेशनच्या मात्रेवर, म्हणजे पुन्हा त्याच अटेन्युएटरवर.

सूर वर का सरकला तेही मजेशीर आहे. साध्या एफएम इनपुटचा हिशेब सप्तकात असतो. अधिक १ व्होल्टला ४४० चे ८८० होतात, उणे १ व्होल्टला २२०. वर गेलं ४४० ने, खाली आलं २२० नेच, म्हणजे मधला बिंदू ५५० कडे सरकला. हळू असताना हे कळत नाही, वेग वाढला की सगळा सूरच चढल्यासारखा वाटतो. तुमच्या ऑसिलेटरवर लिनिअर एफएम असा वेगळा जॅक असेल तर तो वापरा, तिथे व्होल्टला ठरावीक हर्ट्झ वर आणि तेवढेच खाली, त्यामुळे मात्रा वाढवली तरी सूर बराचसा जागेवर राहतो.

प्रश्न : पॅच सेव्ह कसा करायचा?

करता येत नाही. फोटो काढा, पण केबलच्या जंगलात फोटोवरून काही उमगत नाही, त्यामुळे कागदावर 'एन्व्हलप १ पासून फिल्टर सीव्ही, नॉब दहा वाजता' असं घड्याळाच्या काट्यांत लिहून ठेवा आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करून घ्या. तरी दुसऱ्या दिवशी तंतोतंत तोच आवाज येईल असं नाही, मला आवडलेलं मी त्याच रात्री पूर्ण रेकॉर्ड करून ठेवतो.

प्रश्न : कीबोर्ड नाहीये. सिंथने आपला आपण वाजत राहावं असा पॅच सांगाल का? नॉइझ, सॅम्पल अँड होल्ड, क्वांटायझर आणि लूप होणारा एन्व्हलप आहे, ऑसिलेटर, फिल्टर आणि व्हीसीए पण आहे.

यापेक्षा जास्त काही लागतच नाही. एन्व्हलप सायकल मोडवर टाका म्हणजे संपला की पुन्हा सुरू होईल. त्याचं मुख्य आउटपुट व्हीसीएला. बऱ्याच लूप होणाऱ्या एन्व्हलपना एंड ऑफ सायकल असा जॅक असतो, एक फेरी संपली की तिथून गेट निघतो, तो सॅम्पल अँड होल्डच्या ट्रिगरला द्या आणि सिग्नल इनपुटला नॉइझ, म्हणजे सतत वेडंवाकडं हलणारं व्होल्टेज. आता प्रत्येक फेरी संपताना सॅम्पल अँड होल्ड नॉइझमधलं त्या क्षणाचं व्होल्टेज पकडून धरून ठेवतो, ते क्वांटायझरमधून (तो व्होल्टेज जवळच्या स्वरावर नेऊन बसवतो) ऑसिलेटरच्या व्होल्ट पर ऑक्टेव्हला. म्हणजे आवाज मिटलेला असतानाच सूर बदलतो आणि पुढचा नवीन सुरात उगवतो, मधे घसरणं ऐकू येत नाही.

मग मजा इथे आहे की सॅम्पल अँड होल्डच्या त्याच आउटपुटची दुसरी फांदी अटेन्युव्हर्टरमधून एन्व्हलपच्या वेळेच्या सीव्हीला द्या. आता जो सूर आला त्यावरूनच तो किती वेळ टिकणार ते ठरतं, नॉब एका बाजूला नेला तर वरचे सूर पटकन संपतात आणि खालचे रेंगाळतात, दुसऱ्या बाजूला नेला तर उलट. आणि फेरी लवकर संपली की पुढचा सूर लवकर पकडला जातो, त्यामुळे लयही स्वतःची स्वतः बदलत राहते, कुठेही घड्याळ नसताना. मी अशा पॅचसमोर काही न करता बसून राहिलोय, संध्याकाळच्या संध्याकाळ.

एक गोष्ट नक्की अडेल म्हणून आत्ताच सांगतो. नॉइझ उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट असेल तर सूर दहा सप्तकांत उड्या मारतील, अगदी खालची घरघर आणि मग एकदम शिट्टी. तो दीडदोन व्होल्टांत आणायला अटेन्युएटर लावाल तो सॅम्पल अँड होल्ड आणि क्वांटायझर यांच्या मध्ये लावा. क्वांटायझरच्या नंतर लावलात तर त्याने मोजून दिलेले ते ८३ मिलिव्होल्टचे स्वर पण लहान होतात आणि सगळं बेसूर होतं.